गाडी परत फिरते

आये, आधीच सांगते, यात चुका खूप असतील. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमायचं नाही, आणि आता तर मशीनवर अक्षर शोधता शोधता जीव जातो. एक ओळ मारायला इतका वेळ लागतो की सुरुवातीला काय म्हणायचं होतं ते ओळ संपेपर्यंत विसरायला होतं. खोडता पण येत नाही. चुकलं की वर फुली मारायची आणि पुढे जायचं, असं सर म्हणतात. सर म्हणजे टायपिंगचे. भाईंदर स्टेशनजवळ एका माडीवर त्यांचा क्लास आहे. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, किती शिकलीस. मी पाचवी म्हटलं. त्यांनी नुसतं हं केलं आणि खुर्ची दाखवली. त्याला आता तीन महिने झाले. परवा म्हणाले, शब्द पुरे झाले, आता प्रत्येकीने आईला एक पत्र टाइप करायचं, मनात येईल ते, मी तपासून देईन. बाकीच्या दोघींनी खुशालीचं पत्र करून अर्ध्या तासात संपवलं. मी कागद लावला आणि बसून राहिले. सरांना माहीत नाही की तू नाहीस. मी सांगितलं नाही. मी कुणाला काही सांगत नाही, ते तुला माहितेय.

तू गेलीस त्याला सात वर्षं झाली. मी आता एकोणीस वर्षांची आहे आणि पेनं बनवायच्या कारखान्यात जाते. नळीत रिफिल घालायची, टोपण बसवायचं, खोका भरायचा. आम्ही सगळ्या लांब बाकावर ओळीने बसतो. हात चालू असले की तोंडं पण चालू असतात, फक्त माझं नाही. आणि सगळ्या सिनेमावेड्या, तुझ्यासारख्या. रविवारी कोणी काय बघितलं त्यावर सोमवारी दुपारपर्यंत भांडण चालतं. माझ्या उजवीकडे एक गुजराती मुलगी बसते, तिला रडवणारे सिनेमे आवडत नाहीत. म्हणते, रोने के लिए घर है ना. डावीकडे जौनपूरची एक भाभी आहे, तिला रडल्याशिवाय सिनेमा बघितल्यासारखाच वाटत नाही. गेल्या आठवड्यात त्या दोघी एका जुन्या सिनेमावरून भांडायला लागल्या. नवघरच्या शेतात भात कापून झालं की तंबू लागतो तो यंदाही लागलाय, आणि त्यांनी तो जुना सिनेमा परत आणलाय. भाभी म्हणत होती, बेटा कसाई था कसाई. गुजराती मुलगी म्हणाली, कसाई बनाया किसने, माँ ने. अंधी थी तो क्या हुआ, मुँह तो था, कभी बोली क्यों नहीं? मग बैलगाडी, घाट, म्हातारी असं काय काय बोलत राहिल्या, आणि माझ्या हातातलं टोपण सुटून बाकाखाली गेलं. तोच होता, आये. आपला. मी खाली वाकले ती बराच वेळ वर आलेच नाही.

तेव्हापासून तू परत यायला लागलीस. म्हणजे येतेस असं नाही. पण मशीनवर ओळ संपते तेव्हा टिंग करून घंटी वाजते, आणि त्या घंटीच्या मागून दर वेळी तुझा आवाज येतो, आता काय करतंय ती? मी वळून बघते. बाजूला दुसरी मुलगी आपलं पान मारत असते.

तुझे डोळे कधीपासून गेले ते मला नक्की माहीत नाही. तू कधी सांगितलंच नाहीस. मला आठवतंय ते इतकंच की मिठागरावर दुपारचं ऊन असं पडायचं की खाली बघवायचं नाही, वर बघवायचं नाही, सगळीकडून पांढरं. बायका पदर पुढे ओढून चालायच्या. तू पण ओढायचीस. पण तू लग्नाच्या आधीपासून, लहानपणापासून तिथे होतीस. एकदा मी विचारलं की तुला मी दिसते का, तर म्हणालीस, दिसतंस ना, दुधातून बघल्यासारखी. मला ते ऐकून छान वाटलं होतं. मी दहा वर्षांची होते, मला वाटलं दुधातून म्हणजे सुंदर.

मग तू मला शाळेतून काढलंस. बाई घरी आल्या होत्या बोलायला. तू म्हणालीस घरात काम पडतं. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, फक्त तोंड उघडत नाही. मी दाराआड उभी होते आणि देवाला म्हणत होते की आईचंच ऐकू दे, कारण शाळेत उभं राहून मोठ्याने वाचायला लागायचं आणि माझे पाय कापायचे. तर मला शाळा सुटल्याचं दुःख झालं नाही. ते मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, कारण मला वाटतं तुला ते मनात लागून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तू मला पैंजण घातलेस, घुंगरांचे. बाबा रेतीच्या होडीवरून आले तेव्हा ओरडले, असले लाड कशाला. आजूबाजूच्या बायका पण हसल्या, नाचायला पाठवतंस का काय पोरीला. आणि मग रोज सकाळी खारी गावातून निघून मिठागराच्या बांधावरून मी पुढे आणि तू मागे. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बायका बांधावरून एकामागे एक जातात, एका वेळी एकच पाऊल मावेल एवढी वाट, एका बाजूला मीठ पिकवायची कोंडी, दुसऱ्या बाजूला खाडी. तू माझ्या घुंगरांच्या मागे चालायचीस. मी थांबले की थांबायचीस. वळण आलं की मी एक पाय जरा आपटायचे. हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं. दोन हंगाम कोणाला कळलं नाही, मुकादमाला पण नाही.

सिनेमा मात्र तू सोडला नाहीस. तंबू लागला की सिनेमा सोडून तुझं दुसरं बोलणं नसायचं. आपण बायकांच्या बाजूला गोणपाट टाकून बसायचो, मी तुझ्या उजवीकडे, तुझा कान माझ्या तोंडाशी. पहिल्या पहिल्यांदा मी काय सांगायचे? बाई उभी आहे. बाप्या आला. घोडा पळतोय. तू माझ्या मांडीला चिमटा काढलास. अजून आठवतो तो चिमटा. म्हणालीस, "उभी हाय म्हंजे कशी उभी हाय? घागर घेवून उभी हाय का भांडायला उभी हाय? तोंड कसा हाय तिचा? शालंत बाईंनी विचारला तरी गप, आनि आता मना पन उपाशी ठेवतंस?" त्या दिवसापासून मी सांगायला लागले. केस ओले आहेत. पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय. तो दारात आहे पण आत येत नाही. आये, आख्ख्या जगात मी तेवढीच बोलले असेन, तुझ्या उजव्या... नाही, चुकलं, डाव्या... फुली मारत नाही, राहू दे. तुझ्या कानात. मी तुझ्या उजवीकडे, म्हणजे तुझ्या उजव्याच कानात.

आणि मग तू ते सगळं दुसऱ्या दिवशी मिठागरावर सांगायचीस. जेवणाच्या सुट्टीत मिठाच्या मोठ्या राशीच्या सावलीला बायका बसायच्या. निम्म्यांना घरून तंबूत जायला सोडायचे नाहीत. त्यांचा सिनेमा म्हणजे तूच. तू एक सिनेमा तीन दिवस पुरवायचीस. भाकरी हातात तशीच राहायची. मी सांगितलेल्या पदराच्या टोकाचं तू काय करायचीस, मी बघत राहायचे. मी म्हटलेलं असायचं बोटाला गुंडाळतेय, आणि तू म्हणायचीस, असा पिलला पदर, जसा त्याचा गला. बायका हं करायच्या. एक म्हातारी नेहमी म्हणायची, तंबूत जावून आयलू त्याच्यापेक्षा तुझ्या तोंडचा बरा. तू तेव्हा जशी हसायचीस तशी घरी कधी हसली नाहीस.

फक्त वयनींना पटायचं नाही. वयनी म्हणजे रत्नागिरीकडच्या, नवरा रेल्वेत गँगमन होता, लायनीच्या कडेला राहायच्या, हंगामात मिठावर यायच्या. त्यांना पण सिनेमाचं वेड तुझ्याएवढंच, पण वेगळं. त्यांना वाटायचं सिनेमा जसा आहे तसा सांगावा, कोर्टात साक्ष देतात तसा. तू आणि त्या, दोघींचं कधी एका सिनेमावर जमलं नाही. त्या म्हणायच्या, आई खाटेवर पडलीय आणि हा डोंगरावर जाऊन गाणं म्हणतो, ह्याला काय म्हणायचं गो? तू म्हणायचीस, गाणं म्हनला म्हनून तं तिला बरा वाटला. त्या म्हणायच्या, तिला औषधानं बरं वाटलं, बाटली दाखवली होती उशाशी. बाटली मी तुला सांगायला विसरलेले असायचे. तू जराशी थांबायचीस, मग म्हणायचीस, बाटली रिकामी होती वयनी. सगळ्या हसायच्या. वयनी पण हसायच्या, पण तुझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहायच्या. मला ते दिसायचं.

आता तो सिनेमा. मला वाटतं तुला त्यातलं सगळं आठवत असेल, तरी लिहिते. मुलगा शहरात जातो, लग्न करतो, घरी आई आंधळी होते. शेवटी तो तिला जत्रेला नेतो म्हणून बैलगाडीत घालून नदीवर आणतो. घाटाच्या पायरीवर बसवतो, पाणी आणतो म्हणतो. आणि गाडीत बसून निघून जातो. तिथे कोणी एक शब्द बोलत नाही. नुसती बासरी. गाडी लांब लांब जाते. म्हातारीला वाटतं तो अजून पाण्याजवळ आहे, म्हणून ती नदीकडे तोंड करून हात वर करते, आणि गाडी तर मागच्या रस्त्याने जात असते. हात हलवत राहते ती, उलट्या बाजूला.

तू माझा हात धरला होतास. सगळा तंबू मुसमुसत होता. तू कानात विचारलंस, "का रडतात सगली? काय झाला?" मी पडद्याकडे बघितलं आणि तुझ्याकडे बघितलं. तू तोंड पडद्याच्या जरा बाजूला करून बसली होतीस, तिथे तंबूचा खांब होता. मी म्हटलं, गाडी परत फिरली. तू म्हणालीस, फिरली? मी म्हटलं, हो, तो उतरला, धावत आला, तिचा हात धरला. म्हणून सगळे रडतायत. तू सुस्कारा टाकलास आणि पदराने तोंड पुसलंस. म्हणालीस, मना ठावूक होता तो फिरंल.

पहिल्या दिवशी मिठागरावर तू मुलाचं लहानपण सांगितलंस. दुसऱ्या दिवशी शहर आणि लग्न. त्या संध्याकाळी वयनी तंबूत जाऊन आल्या. मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू घाटावर आलीस. काय सांगितलंस, आये. बैलांच्या गळ्यातल्या घंटा आधी बारीक बारीक होत जातात, मग थांबतात, मग परत मोठ्या व्हायला लागतात, आणि म्हातारी अजून मान वळवत नाही, कारण तिला वाटतं आपल्याला भास होतोय. यातलं काहीच मी तुला सांगितलं नव्हतं. हे सगळं तुझं. दोन बायका रडायला लागल्या. मी जिकडे बसले होते तिथून मला वयनींची पाठ दिसत होती, आणि ती ताठ झालेली दिसली.

त्या म्हणाल्या, "बाय, गाडी फिरत नाय."

तू म्हणालीस, "फिरते, वयनी."

"मी काल बघितलं. गाडी जाते ती जातेच. म्हातारी नदीकडे हात हलवत ऱ्हाते. तिथेच संपतं."

बायका एकीकडून दुसरीकडे बघायला लागल्या. अजून एक जण सिनेमा बघून आली होती, तिला विचारलं, तर ती म्हणाली, मी त्या वेळी डोळे पुसत होते, मला काय दिसलंच नाही. थोडं हसणं झालं. ते तेवढ्यावर मिटलं असतं. तू म्हणू शकली असतीस की पोरीने सांगितलं, पोर चुकली. मला वाटत होतं आता तू तेच म्हणशील, आणि मी जमिनीत जायला तयार होऊन बसले होते. मी खोटं सांगितलं ते तुला तेव्हाच कळलं असणार. तुझं तोंड जरासं बदललं, कोणाला दिसलं नाही इतकं. आणि तू म्हणालीस, "माझ्या डोल्यांनी बघलाय मी. फिरली गाडी."

वयनींनी मग जे विचारलं ते रागाने नाही विचारलं. हळू विचारलं. "बाय, तू बघतेस का ऐकतेस?"

मुकादम मागेच उभा होता, पानाला चुना लावत. त्याला नेहमी प्रश्न पडायचा की तुझ्या पाटीत चिखल का येतो, बाकीच्यांच्या पाटीत येत नाही. तो पुढे आला. वाईट माणूस नव्हता तो. मजेत केल्यासारखं त्याने हात वर केला आणि म्हणाला, "बाय, सांग बघू, माझ्या हातात काय हाय?"

मला दिसत होतं. मी चार पावलांवर होते. तू तोंड वळवलंस, मुकादमाकडे नाही, माझ्याकडे. बरोबर माझ्याकडे, मी हालले पण नव्हते तरी. तू वाट बघत होतीस. एक शब्द पुरला असता, मोठ्याने बोलायला पण लागलं नसतं, बायका एवढ्या गप होत्या. माझं तोंड उघडलं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, आणि शाळेत उभं राहिल्यावर व्हायचं तसं माझं झालं. तू आणखी थोडी थांबलीस. मग म्हणालीस, "छत्री." कारण त्याच्या हातात नेहमी छत्री असायची. त्या दिवशी छत्री राशीला टेकवलेली होती.

कोणी हसलं नाही. मुकादमाने हात खाली घेतला. म्हणाला, उद्यापासून बांधावर नको येव बाय, उघाडीच्या दारातून खाडीत गेलीस तं मी घरच्यांना काय तोंड दाखवू. त्या दिवशीची पाटी पण त्याने दुसरीला दिली.

घरी येताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चाललीस, पहिल्यांदाच. आता लपवायला काही राहिलं नव्हतं. बांध संपल्यावर विचारलंस, "गाडी फिरली न्हवती ना?" मी म्हटलं, "फिरली." तू म्हणालीस, "मंग बरा." त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस, सिनेमाचं नाही आणि कशाचंच नाही. तंबू तेव्हा अजून पंधरा दिवस होता. स्पीकरवरची गाणी आपल्या दारापर्यंत यायची. तू ओट्यावर बसून ऐकायचीस आणि आत यायचीस.

पुढच्या वर्षी पैंजण माझ्या पायाला घट्ट झाले, काढून ठेवले. तुला सांगितलं नाही असं नाही, सांगितलं होतं. पण मग मी कुठे आहे ते तुला कळेना. मी विहिरीवर निघाले की तू ओट्यावरून हात हलवायचीस. विहीर आपल्या घराच्या मागच्या अंगाला. मी कधी पुढून जायचे, कधी मागून. एकदा मागच्या दाराने गेले आणि वळून बघितलं तर तू पुढच्या रस्त्याकडे तोंड करून हात हलवत होतीस. रिकाम्या रस्त्याला. मी हंडा घेऊन तिथेच उभी राहिले. हाक मारायला हवी होती, आये, मी इकडे आहे म्हणून. मला वाटलं हाक मारली तर तुला कळेल तू कशी दिसतेयस. तुझा हात दमून खाली येईपर्यंत उभी राहिले. तो हात मला अजून दिसतो. कारखान्यातून सुटून घरी येते तेव्हा दाराजवळ मी अजून मागच्या अंगाने जात नाही.

मग तू तापाने गेलीस, चार दिवसांत. दहाव्याला वयनी आल्या होत्या. घावने घेऊन आल्या, मला जवळ बसवून खाऊ घातले. निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडी फिरली असती तर माझं काय जात होतं गो." त्या नंतर मिठावर आल्याच नाहीत, नवऱ्याची बदली झाली.

तर गेल्या रविवारी मी तंबूत गेले, एकटी. गोणपाट नेलं होतं. बायकांच्या बाजूला बसले आणि डावीकडची जागा मोकळी ठेवली. कोणी बसायला आलं तर मी म्हणायचे, आहे कोणीतरी. दिवे गेले आणि माझे ओठ हलायला लागले. मला आधी कळलंच नाही. मुलगा लहान आहे, झाडावर चढतोय, आई खालून पदर पसरून उभी आहे, हसतेय पण घाबरलीय. पुढे एक बाई लहान पोराला घेऊन बसली होती, ते पोर सारखं मागे वळून माझ्याकडे बघायचं. आईला म्हणालं, ती कोणाशी बोलते? आईने त्याचं डोकं पुढे वळवलं आणि पोराला घेऊन जरा लांब सरकली. मी थांबले नाही. मला थांबता येत नव्हतं, कारण डावीकडून आवाज येत होता, आता काय करतंय ती? तोंड कसा हाय तिचा? मी सगळं सांगितलं. औषधाची बाटली पण सांगितली, या सिनेमात पण एक आहे, भरलेली आहे. मग घाट आला. बासरी सुरू झाली, लोक मुसमुसायला लागले, आणि तू विचारलंस, का रडतात सगली?

मी उठले आणि बाहेर आले. कनात बाजूला करताना बासरी ऐकू येत होती. पडद्याकडे मी बघितलं नाही. बाहेर कापलेल्या भाताच्या खुंटांवर उभी राहिले, सिनेमा संपून लोक बाहेर येईपर्यंत.

सोमवारी भाभीने विचारलं, तू पण गेली होतीस ना, मी बघितलं तुला, आता तूच सांग, बेटा कसाई होता का नाही. मी टोपणं बसवत होते. मी म्हटलं, "गाडी वापस आती है." दोघी गप झाल्या. आधी मी बोलले म्हणूनच गप झाल्या असतील. मग भाभी हसायला लागली, अरे पगली, कहाँ से वापस आती है, आँख में कचरा गया था क्या? मी म्हटलं, मैंने देखा. माझा आवाज मोठा आला, पलीकडच्या बाकावरच्या मुलींनी पण बघितलं. पाय कापत होते, पण बसलेले असल्यामुळे कोणाला दिसलं नाही. भाभी म्हणाली, झूठ. मी म्हटलं, घंटी बंद होती है, फिर वापस बजती है, माँ को लगता है भास है, इसलिए वो मुड़ती नहीं. गुजराती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग भाभीला म्हणाली, "इसका वाला अच्छा है." भाभी अजून मानत नाही. रोज एकदा तरी वाद काढते, आणि मी रोज सांगते, फिरली.

हे पत्र मी सरांना देणार नाही. नऊ दिवस झाले, रोज थोडं थोडं मारतेय, सर रोज विचारतात, झालं का गं, एवढं काय लिहितेस आईला. उद्या मी त्यांना दुसरं देईन, छोटं, खुशालीचं. हे मी घरी घेऊन जाईन आणि पैंजण ठेवलेत त्या डब्यात ठेवीन.

एक राहिलं. तुला वाटलं असेल की मी लांब बसले होते, मला दिसलं नसेल. बांधावर तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. मला दिसलं होतं. मुकादमाने हात वर करायच्या आधीपासून दिसत होतं. चुन्याची डबी, आये. चुन्याची डबी होती.

बाकी खुशाली म्हणजे, मामाची म्हैस काल व्यायली. पारडी झाली.